बुधवारी मी येईन तेव्हा

प्रिय नाओयुकी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची चौकशी करायची आपली रीत. तिकडे प्लमला फुलं आली का, समुद्रावरचा वारा अजून बोचतो का, अशा दोन ओळी लिहायच्या आणि मग मुद्द्यावर यायचं. आज मला तेवढा धीर नाही. मित्सुए माहेरी, तिच्या बहिणीकडे गेली आहे आणि ती परत यायच्या आत हे पत्र पेटीत पडलं पाहिजे. फोनही करून पाहिला. दर वेळी तुझ्या आईंनीच उचलला. "झोपलाय रे तो. उठला की सांगते हं, तेरुओ." तू उठला नाहीस, किंवा उठलास आणि आला नाहीस. मला राग नाही. कंपनीतून कुणाचाही फोन आला की तू पांघरुणात तोंड लपवतोस हे आईंनी मला दबक्या आवाजात सांगितलं, आणि मी आता तुझ्या लेखी कंपनीच आहे की मित्र, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

आधी आपल्या खोलीच्या बातम्या. दारावरची पाटी बदलली. 'कौशल्य विकास कक्ष' गेला, आता 'नवी वाट कक्ष' आला. आत तेच सगळं. टेबलं, खुर्च्या आणि समोर भिंत. फोन नाही, संगणक नाही, काम नाही. सकाळी टाय बांधून यायचं, संध्याकाळपर्यंत बसायचं, डुलकी काढायची नाही, पेपर उघडायचा नाही आणि जाताना आज काय केलं ते लिहून द्यायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. आपल्याला तर भिंतीला हात लावायचीसुद्धा चोरी. आणि हे सगळं कशासाठी, तर एका शिक्क्यासाठी. कंपनी कुणाला काढत नाही. काढलं तर कोर्टकचेरी होते, नाव खराब होतं. कंपनी नुसती वाट बघते. मग एक दिवस माणूस आपल्याच हाताने लिहितो, 'वैयक्तिक कारणामुळे नोकरी सोडत आहे', खाली सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवतो, आणि वर सगळ्यांना वाकून नमस्कार करून, त्रास दिल्याबद्दल माफी मागून निघून जातो. तू आजारी पडलास, गावी गेलास, पण शिक्का मारला नाहीस. मार्चअखेर तुझी रजा संपते आणि तू परत खुर्चीवर येऊन बसशील, ही सगळ्या साहेब लोकांची धास्ती आहे.

तुला त्या खोलीतला आपला खेळ आठवतो का रे? जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं आणि सगळ्यात रंगतदार कोणतं? सुरुवात तूच केली होतीस. तू म्हणालास, रस्ता खोदलेला असतो तिथे दिवसभर लाल दांडी हलवत उभा राहणारा माणूस. मी म्हटलं, छट्, त्याला निदान गाड्या दिसतात. संग्रहालयात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणारी बाई बघ, तीच ती मडकी जन्मभर. तेवढ्यात मागच्या टेबलावरून हामादाबाई फिस्कारल्या, "गप्प बसा हो दोघं! लग्नाआधी मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांचे डोळे काढायची. सकाळपासून नुसते बटाटे. पण एक बटाटा दुसऱ्यासारखा नसतो, सांगून ठेवते. आणि पोरं ताटं चाटूनपुसून ठेवायची." आपण बटाट्यांना एकमताने बाद केलं. रंगतदार कामांत तू विषारी मासा कापणारा आचारी काढलास, मी उंच क्रेनवरचा चालक काढला, आणि हामादाबाई म्हणाल्या, "सुईण. पुढे बोलायचं कामच नाही." तोंडावर हात धरून आपण किती हसलो होतो! बाहेर ऐकू गेलं असतं तर 'खोलीत वातावरण आनंदी आहे' असा शेरा पडला असता आणि आनंद बंद करायला कुणीतरी आलं असतं.

मग तू हसता हसता थांबलास आणि म्हणालास, "खरं सांगू? सगळ्यात रंगतदार माझं जुनं काम." भाताच्या कुकरचं झाकण. बाहेर कुणाला सांगितलं की हा गृहस्थ वर्षानुवर्षं झाकण लागतानाच्या आवाजावर डोकं फोडत होता, तर तो पोट धरून हसेल. पण मला माहीत आहे ना. आवाज चढा झाला की वस्तू हलकी वाटते, फार मऊ झाला की बाई झाकण पुन्हा दाबून बघते. तू ती स्प्रिंग बदलायचास, मान तिरकी करायचास, परत बदलायचास. आणि मी शेजारच्या टेबलावर पंख्याच्या मोटारीला नळी लावून, डोळे मिटून, कोणत्या जागी घासतंय ते ऐकत बसायचो. आवाज न घुमणारी चाचणीची खोली एकच, तिच्यावरून आपली रोज भांडणं. "तेरुओ, निघ बाहेर, माझी वेळ झाली." "तुझं झाकण कुठे पळून चाललंय का?" एकाच वर्षी नोकरीला लागलो, पहिल्या दिवशी एकसारखे निळे सूट घालून एकाच रांगेत उभे होतो, आणि पुढे कान हेच दोघांचं पोट झालं. मग ते काम परदेशातल्या कारखान्यात गेलं आणि आपले दोघांचे कान वर चौथ्या मजल्यावर भिंतीसमोर नेऊन ठेवले. त्या दिवसांत मला घरी गेल्यावर मित्सुएचं बोलणंसुद्धा ऐकू येईनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मला वाटतं ऐकण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून त्यांनी संप केला होता.

आता जे सांगायचं ते. मी आता त्या खोलीत बसत नाही. नव्या वर्षाची सुट्टी संपली त्याच आठवड्यात सेगावासाहेबांनी मला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. आपल्याला वर पाठवणारे तेच सेगावा, तुझ्यासमोर खोट्या मायेने मान हलवणारे. त्यांनी स्वतः चहा ओतला. "मुराकी, तुम्ही आतले आहात. त्या लोकांचं मन तुम्हाला कळतं. आमचं कुणी ऐकत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोला, त्यांना नवी वाट दाखवा." खिडकीजवळचं टेबल दाखवलं. त्यावर फोन होता. नाओयुकी, मी तो फोन उचलून कानाला लावला, नुसता आतला गुंऽऽ आवाज ऐकायला, आणि माझे डोळे भरून आले. 'नाही' म्हणायचं असतं हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. नंतर सुचलं, आणि नंतरही मी म्हटलं नाही.

पहिलं नाव हामादाबाईंचं होतं. लहान बैठकीच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. सुरुवातीला त्यांनी मला झाडलंच. "काय हो मुराकी, खिडकी मिळाली म्हणे? रंग उजळलाय तुमचा." मी हसलो, आणि मग ऐकायला लागलो. जसा मोटारीला ऐकायचो तसाच. त्या कंपनीबद्दल बोलल्या तेव्हा आवाज खणखणीत. नवऱ्याबद्दल बोलल्या, तोही घट्ट. धाकट्या मुलाचा विषय निघाला, तो हल्ली आईच्या कंपनीचं नाव घरात काढत नाही म्हणाल्या, आणि तिथे, नेमकं तिथे, आवाज किंचित घासला. मी तीच जागा धरली. जोर लावला नाही. म्हटलं, त्याला आईची लाज वाटत नसेल हो, आईला रोज असं बसलेलं त्याला बघवत नसेल. एवढंच. मग पिशवीतून त्यांनी शिक्का काढला. निघताना वाकून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. दुसरं कुणी असतं तर मी हटून बसले असते."

आणि आता ऐक, कारण हे मी मित्सुएलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी जेवायचं विसरलो. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. स्टेशनवरून घरी येताना मी गुणगुणत होतो. दारात मित्सुए म्हणाली, "काय रे, किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला!" आणि तिने आनंदाने भाताची दुसरी वाटी वाढली. मी ती पूर्ण खाल्ली. जगातलं सगळ्यात रंगतदार काम मला सापडलंय, नाओयुकी. समोर जिवंत माणूस, प्रत्येकाचा आवाज निराळा, प्रत्येकाची घासणारी जागा निराळी, आणि चुकायची भीती. आचारी नको, क्रेन नको. हामादाबाईंनंतर आणखी चौघं झाली. मी एकदाही चुकलो नाही. सेगावा सगळ्यांसमोर म्हणतात, "मुराकींचा हात लागला की माणूस रडत जात नाही, आभार मानून जातो." मला स्वतःची किळस येते, रोज सकाळी येते, आणि तरी त्या बैठकीच्या खोलीचं दार लावलं की कान टवकारतात. कसाई झालो असतो तर निदान घरी आल्यावर हात तरी धुता आले असते.

यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही. सोडून द्यावं तर या वयात मला कोण दारात उभं करणार, आणि मित्सुए आत्ता कुठे हसायला लागली आहे. परत वर जावं तर, देवाशपथ सांगतो, मला ते जमणार नाही. ती भिंत पुन्हा समोर आली तर मी काय करून बसेन हे मला माहीत नाही. सेगावांनी गोड शब्दांत तेच सांगून ठेवलंय: एक माणूस शिक्का न मारता हातचा गेला की माझी जागा पुन्हा चौथ्या मजल्यावर.

पुढचं नाव तुझं आहे. बुधवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्या गावी येतोय, कंपनीच्या खर्चाने, आईंसाठी मिठाईचा डबा घेऊन. म्हणून हे पत्र आधी पाठवतोय. नीट ऐक. मी आलो की तुझ्याशी चांगलं वागेन. जुन्या गोष्टी काढेन, तुला हसवेन. मग आईंच्या वयाबद्दल बोलेन, कारण तुझी जागा कुठे घासते ते मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणेन, त्यांना आता मुलाची काळजी नको. म्हणेन, रजा संपल्यावर तू त्या खोलीत पुन्हा कसा बसणार. तुला ते पटेल, कारण ते खरं असेल. कदाचित मी रडेन, आणि ते रडणंही खरं असेल, तरी विश्वास ठेवू नकोस. तुझा शिक्का लपवून उपयोग नाही. 'ताकेमोतो' या तुझ्या आडनावाचा तयार शिक्का कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, सेगावांनी तो घेऊन माझ्या बॅगेत ठेवलाय. मी तो तुझ्यासमोर ठेवेन. तू हात मांडीखाली घालून बस. मी या पत्राचा विषय काढणार नाही. तू काढलास तर मी म्हणेन, कसलं पत्र? त्या वेळी मी काय म्हणतो ते ऐकू नकोस, आज काय लिहिलंय ते लक्षात ठेव. माझं काय होईल याचा विचार करू नकोस, आणि मीच तो विचार तुझ्यापुढे मांडला तर आईंना हाक मार आणि मला घराबाहेर काढ. दार लावून घे. मी बाहेरून बराच वेळ बोलत राहीन. उघडू नकोस.

तुझाच,
तेरुओ