बेलाईदचा वाटा

अगूनी, अल्जेरिया, ऑक्टोबर १९५७

प्रिय बेलाईद,

तुझं चार ओळींचं पत्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तुमची फ्रेंच पलटण जर्मनीतच राहणार, इकडे आपल्या डोंगरात येणार नाही! आईला मी ते तीनदा वाचून दाखवलं. तरी तिने कागद उलटा केला आणि म्हणाली, "मागे कुठे 'पण' लिहिलेलं नाही ना, नीट बघ." अक्षर ओळखत नाही, पण सरकारला बरोबर ओळखते.

माझं उत्तर टपालाने येणार नाही. टपाल आधी फ्रेंच लष्कर वाचतं. मावसभाऊ अरेझ्की फ्रान्सला कारखान्यात परत चाललाय, त्याच्या कोटाच्या अस्तरात हे शिवून देते आहे. म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुझे दाजी गेल्या वर्षापासून डोंगरात फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर आहेत. कशासाठी, ते तुला सांगायला नको. तेव्हापासून मी माहेरीच आहे आणि एकच भीती मनात घर करून होती. फ्रान्स एकेक पलटण जर्मनीतून काढून आपल्याकडे उतरवत होता. उद्या तुझी आली आणि तुला याच वाटेवर बंदूक देऊन उभं केलं तर? आपलेच दात, आपलेच ओठ. रडायचं कोणासाठी, तेही मला ठरवता आलं नसतं.

बाबा रोज कॉफीच्या दुकानात रेडिओ ऐकायला जायचे. येऊन सांगायचे की फ्रान्सचे नाटो करारातले दोस्त देश चिडलेत. म्हणतात, युरोप राखायला सगळ्यांनी मिळून फौज ठेवायची ठरली होती आणि हा आपली फौज अल्जेरियात नेऊन बसला. फ्रान्स म्हणे, करारात अल्जेरियाचंही नाव आहे, तिथे लढतो तोही तुमच्याच राखणीसाठी. यावर आपले गावप्रमुख वालीकाका काय म्हणाले असतील? "म्हणजे आपल्यावर हल्ला हा सगळ्यांवर हल्ला! मग परवा माझी ऑलिव्हची झाडं रणगाड्याने चिरडली, तर करारातले ते नॉर्वेवाले धावून कधी येताहेत? जेवायला काय करू त्यांना?" सगळे हसले म्हणे, पण आधी दाराकडे बघून. फ्रान्सचं म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

त्या दोस्तांना आपलं काही पडलेलं नाही, हे मला कळतं. त्यांना रशियाची धास्ती. पण त्यांनी हट्ट धरला, उरलेल्या पलटणी हलवायच्या नाहीत म्हणून बसले, आणि त्यात तू वाचलास. सुंठीवाचून खोकला गेला. मी तर त्या नॉर्वेवाल्यांनाही दुवा देऊन टाकला, ते कुठे राहतात ते ठाऊक नसताना.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नांगरणीआधीचा गावाचा बैल शुक्रवारी कापला. माणशी मांसाचा एक वाटा, परदेशी कामाला गेलेल्याचासुद्धा, हा आपला रिवाज. पण तुला जबरदस्तीने गणवेश चढवला तेव्हापासून तुझा वाटा निघत नव्हता, हे आम्ही तुला कळवलं नाही. वालीकाका बाबांना म्हणाले होते, "सईद, राग मानू नकोस. पोराची बंदूक कुठे वळते ते दिसू दे." दोन वर्षं बाबा आपल्या घरचे वाटे मुकाट्याने घेऊन यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. या वेळी तुझं पत्र त्यांनी गावाच्या बैठकीत नेऊन सगळ्यांपुढे ठेवलं. मी आणि आई छपरावरून ऐकत होतो. वालीकाकांनी एकेक नाव पुकारलं, बाबांचं झालं, आईचं, माझं, आणि मग मोठ्याने, "बेलाईद, सईदचा मुलगा!" आईने माझं मनगट असं धरलं की वळ अजून आहे. बाबा उठले, वाटा घेतला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. अरेझ्की म्हणाला, त्याच्याकडे पोचवतो. बाबांनी झिडकारलं, "पाठवायचा नाही. त्याने घरी येऊन खायचा." आईने तो मीठ लावून छपरावर वाळत घातलाय. सकाळपासून काठी घेऊन मांजर हाकलत बसली आहे, आणि तू येईपर्यंत उठेल असं वाटत नाही.

तुझीच,
फेरूजाताई