वाऱ्याचा बाण

वेसावे, ९ फेब्रुवारी १९७१

केळुसकर सर,

१. शनिवारी जोगेश्वरीच्या वर्गात वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षेचे गणित सोडवताना तुम्ही पश्चिमेच्या वाऱ्याचा बाण पश्चिमेकडे काढलात.
२. मी म्हटले, वारा पश्चिमेकडून येतो, बाण पूर्वेकडे हवा.
३. तुम्ही म्हणालात, "टपकेबाई, हे विमान आहे, मच्छीची पाटी नाही." वर्ग हसला.
४. काल तुम्ही सांगितलेत, सगळ्यांसमोर चूक कबूल केलीस तरच परीक्षेच्या अर्जावर सही मिळेल.

चूक माझी नाही. माझे बाबा शीड चढवण्याआधी वारा कुठून सुटला आहे ते पाहतात. तुम्हीच नेमलेल्या पुस्तकाच्या अठ्ठेचाळिसाव्या पानावरही तेच आहे.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन्हींच्या शेवटी माफी उतरली, म्हणून ती फाडली. हेही टपालपेटीत पडेल की नाही, सांगता येत नाही. पण यात माफी नाही, आणि वर्गातही ती मिळणार नाही.

अर्जाची मुदत शनिवारी संपते. सही देणार की नाही, ते शुक्रवार, १२ तारखेपर्यंत कळवावे.

सगुणा महादू टपके