मापाच्या वहीतले पान

चि. भाच्यास,

आशीर्वाद लिहावयास हात वळत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

सोमवारपासून पुन्हा दुकानात बसतो, असा निरोप तू धाडलास. बसू नये. मी चौथी शिकलेला शिंपी आहे; परंतु गिऱ्हाईक बाईंचा फोन नंबर मापाच्या वहीत कशासाठी लिहितात, एवढे मला समजते. कपडा तयार झाला, हे कळविण्यासाठी. "निळ्या रंगात तुम्ही फार गोड दिसता," हे कळविण्यासाठी नव्हे! तेही रोज, त्यांनी बजावल्यानंतरही!

त्या शिक्षिकाबाईंनी फोन माझ्यासमोर धरला, तेव्हा मी काय बोललो, हे मी तुझ्या आईपासून लपविले आहे. मी हसून म्हणालो, "पोरकट आहे हो, मनावर घेऊ नका."

त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीसुद्धा? मग माझं पान मला फाडून द्या."

चाळीस वर्षांत त्या वहीचे पान फाटले नव्हते. मी फाडून दिले. आता इतर बायकाही येतात, कपडे शिवायला नव्हे, आपापले पान मागायला.

काल माझी सून आली. "बाबा, माझंही द्या. तो मलाही लिहायचा. तुम्ही हसण्यावारी न्याल, म्हणून बोलले नाही."

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या तुमच्या घरी येऊन, तुझ्या आईसमोर, तुझे करणे आणि माझे हसणे दोन्ही तोंडाने सांगणार आहे. तू घरी थांब, एवढाच निरोप आज धाडतो.

तुझा मामा