बाबांनी दातांनी ऐकलं

ताई,

बाबा नि मी सेन्सर आणायला गेलोय, जेवायला थांबू नकोस.

सकाळी जुन्या गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा पुन्हा शून्यावर आला. मेकॅनिक म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. म्हणाले, "तेल पोचतंय. काटाच थापा मारतोय."

मेकॅनिकने दुसरं मीटर लावून बघितलं. प्रेशर चोख! मी तोंडात बोटंच घातली. अगं, ठार बहिरा माणूस दातांनी ऐकतो!

ते वृद्धाश्रमाचे कागद आधी फाडून टाक. काल आपण त्यांच्यासमोर खुशाल सगळं बोलत होतो, तेव्हा ते टेबलावर हनुवटी टेकून बसले होते.