दादाच्या गिटारमागची घरघर

४ ऑक्टोबर, शनिवार
मोठं काम हाती आलंय, नोंद असावी. दादाने त्याच्या गाण्यातला गिटारचा ट्रॅक पाठवला. मनगटाच्या ऑपरेशनआधी वाजवलेला, थेट कॉम्प्युटरमध्ये, एकदम कोरा. आता त्याची बोटं तशी वळत नाहीत, त्यामुळे पुन्हा वाजवणं नाही. तो ट्रॅक मी माझ्या अ‍ॅम्पमधून वाजवायचा, समोर माइक लावून परत रेकॉर्ड करायचा, म्हणजे सपाट आवाजात जान येते. रीअ‍ॅम्पिंग. घराण्यात हे फक्त मला येतं. उद्या देतो म्हणालो.
गिटारवाला दुकानदार म्हणतो, कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्पच्या मध्ये रीअ‍ॅम्प बॉक्स लावा, नाहीतर घरघर येईल. डब्या खपवायचे धंदे. साधी वायर पुरे.

५ ऑक्टोबर
घरघर येतेय. कारण सापडलं: फ्रिज. बंद केला.
संध्याकाळी: फ्रिज सुरू करायचा राहिला. दूध नासलं. बायको बोलत नाही. घरघर आहेच.

७ ऑक्टोबर
आता नक्की सापडलं. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, त्याचं मशीन. जाऊन जरा बंद ठेवायला सांगितलं. खुर्चीत एक आजी आ वासून बसल्या होत्या. डॉक्टर भला माणूस, थांबला. वर येऊन ट्रॅक लावला. घरघर तशीच. खाली जाऊन 'झालं' म्हणायचं राहून गेलं. जिन्यात तो दिसला की मी मोबाइल बघतो.

८ ऑक्टोबर
अ‍ॅम्पच्या जोराचं बटण, गेन, पूर्ण वाढवलं, म्हणजे गिटार घरघरीला दाबून टाकेल. दोन्ही वाढलं. मग कॉम्प्युटरवर घरघर पुसली. तिच्यासोबत गिटारही बरीचशी पुसली गेली. उरलेली पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी.

१० ऑक्टोबर
दादाचा फोन. झालं का विचारत होता. मूळ रेकॉर्डिंगमध्येच घरघर आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, "असेल रे. तेव्हा हात थरथरतच होता."
हात थरथरण्याचा आणि घरघरीचा काही संबंध नाही. हे मला माहीत होतं. पण फोनवर माणूस किती खोलात जाणार?

११ ऑक्टोबर
मूळ ट्रॅक हेडफोनवर नुसता ऐकला. कामाच्या गडबडीत आधी ऐकायचा राहिला होता. स्वच्छ. शेवटचा सूर विरतो त्याच्या खालीसुद्धा काही नाही. फक्त तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज.
दुकानात गेलो, बॉक्स आणला. दुकानदाराने वर दहा टक्के सूट दिली, हे जास्त लागलं. बॉक्स मध्ये जोडला, गेन निम्म्यावर आणला. घरघर गेली.
बायको हात पुसत येऊन दारात उभी राहिली. भाऊजी वाजवतायत ना हे, म्हणाली. आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना.
उद्या करतो म्हणालो. आधी शब्द जुळवायला हवेत.

१३ ऑक्टोबर
शब्द जुळले: 'थोडा तांत्रिक गैरसमज झाला.' फोन लावला. दादाच आधी बोलला. काल त्याने गाण्यातली गिटार दुसऱ्या एकाकडून वाजवून घेतली.
"छान वाजवलं त्याने," म्हणाला. "माझ्यापायी तुला उगाच त्रास. तुझ्याकडची फाइल पुसून टाक, जागा अडवते."
बरं म्हणालो.
बायकोने विचारलं, ऐकून काय म्हणाले भाऊजी? म्हणालो, आवडलं त्यांना.