दोन नंबरची मतं

अण्णा, दुकानासमोरच्या पार्किंगचं नुसतं आश्वासन मला केवढ्याला पडलं ते सांगतो. पैसा एक गेला नाही. गेली ती इथल्या ओंगार उपनगरातल्या पंचवीस-तीस मराठी घरांची पहिली पसंती, आणि त्यापायी एका बाईंची जागा.

बाई म्हणजे इथल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. तुम्ही गेल्यावर आईला इकडे आणायचं ठरवलं आणि तिचा व्हिसा नाकारला गेला, तेव्हा माझ्या डब्यांच्या दुकानात, मसाल्याच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून याच बाईंनी अपिलाचं पत्र लिहून दिलं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्या संसदेला अपक्ष उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तुमचा एक नंबर मला ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय, बाई!"

इथे शिक्का मारत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहायचे. आपल्यातल्या नव्यानं इथला पासपोर्ट मिळालेल्यांना हे कुठलं ठाऊक? डबा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी काउंटरवर कागद काढून शिकवलं. ओंगारच्या मराठी माणसाला ही पद्धत समजली ती माझ्यामुळे, असं मी अजून सांगत फिरतो.

शिकवलं काय, तर एक नंबर बाईंना नाही, दुसऱ्याच एका उमेदवाराला द्या. तो एका मोठ्या पक्षाचा, निवडून येणारच असं सगळे म्हणत होते, आणि पार्किंगचं बघतो म्हणाला होता. दोन नंबर बाईंना. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, बाईंना शब्द दिलाय ना तुम्ही?" मी म्हटलं, "दोन नंबर आहे की. दहावीत दुसरा आला म्हणून कुणी नापास होतो का?"

मोजणीच्या दिवशी बाईंनी मलाच पास दिला. इथे पेट्या उघडतात तेव्हा उमेदवारांची माणसं कठड्याला टेकून एकेका कागदावरचा आकडा टिपून घेतात. मी बाईंच्या बाजूनं पेन्सिल घेऊन उभा. आमच्या भागाची पेटी उघडली आणि एकामागून एक कागद यायला लागले, त्याला एक, बाईंना दोन. शेजारचा म्हातारा टिपणारा त्याच्या जोडीदाराला हळूच म्हणाला, "बिचारीला दोन नंबरचा ढीग मिळालाय. त्याचं आता लोणचं घालायचं." माझे कान तिखट, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी नसते तर बरं झालं असतं.

दर फेरीत सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो; बाई चौथ्या फेरीत बाद झाल्या. लगेच वरच्या उमेदवारापेक्षा जेमतेम डझनभर मतं कमी. एक नंबरवाला बाद झाला किंवा लागतात त्याहून जास्त मतं घेऊन आला, तरच त्याच्या कागदावरचा दोन नंबर बघतात; आमचा तो पक्षवाला शेवटच्या फेरीत कसाबसा आला, त्यामुळे त्याच्या कागदांवरचे दोन नंबर मोजायची वेळच आली नाही.

तिथे उभ्या उभ्या मला आपली कॉलनी दिसते. सोसायटीच्या चेअरमनपदाचे दोन्ही उमेदवार आपल्याकडे चहा पिऊन गेलेत, मी दोघांनाही हो म्हटलंय, आणि तुम्ही मोरीत कपबशा विसळताय. वर न बघता तुम्ही म्हणता, "हुशार आहेस. पण त्यातला एक तुझ्या भरवशावर घरी गेला." मी हसलो होतो, अण्णा. तुम्ही नव्हता हसलात.

पुढे लॉकडाऊन आलं. बाई एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी घेऊन यायच्या, मी डबे भरून द्यायचो, जरा जास्तच भरून. एकदा मास्क सारखा करत म्हणाल्या, "तुम्ही मात्र शब्द पाळलात हं." आता सांगावं, असं वाटलं. मी मान डोलावली आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला आता काही लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि एक राहिलं. दोन नंबरचं मत केव्हा मोजतात, केव्हा नाही, हे मला कळलं ते मोजणीच्या संध्याकाळी. हरल्यावर, कोट घालता घालता, बाईंनीच ते मला समजावून सांगितलं.