बारापैकी अकरा

बोईसर,
१२ नोव्हेंबर १९८६

ती. वत्सलावन्सं यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांची चौकशी आधी करते, कारण पुढे सगळं पत्र तुमच्या धाकट्या भावाबद्दल आहे, मग राहून जाईल. साताऱ्याच्या थंडीत जिने उतरू नका. इकडे माझी प्रकृती बरी. ह्यांची कशी आहे यावर घरात दोन मतं आहेत. मला वाटतं, ह्यांना फार विसरायला होतंय, डॉक्टरांना दाखवावं. हे म्हणतात, तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, माझं मन मोजायला डॉक्टर कशाला? मी रोज मोजतोच आहे.

मोजतात हे खरं. मन मोजता येतं का, यावर जर्मनीत पूर्वी मोठा वाद होता म्हणे. एक तत्त्वज्ञ म्हणाले, मनाला आकडा लावता यायचा नाही. शिवाय ते स्वतःकडे बघायला लागलं की त्या बघण्यानंच बदलतं. मग दुसऱ्या एकांना अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं की शरीर आणि मन म्हणजे एकाच वाटीची बाहेरची आणि आतली बाजू; बाहेरून मोजलं की आतलंही थोडं हाती लागतं. हे सगळं ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. (मैत्रिणींना त्यांचे नवरे नाटकाला नेत.) काडेपेट्यांत कमी-जास्त वाळू भरून, माझे डोळे रुमालानं बांधून, दोन्ही तळहातांवर एकेक ठेवायचे आणि विचारायचे, जड कुठली? मी पडले कॉन्व्हेंटची, खोटं बोलण्याची सिस्टर आग्नेसनी कायमची धास्ती घातलेली. मी सांगायचे, कळत नाही. हे खूश! म्हणायचे, ‘कळत नाही’ हेसुद्धा मोजमापच. त्या रुमालाला ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. असो.

त्याच काडेपेट्या गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली आल्या. आमची मासळीवाली येसूबाई, हिला ह्यांनी ओट्यावर बसवून प्रयोग केला. बाईनं सगळ्या जर्मनीला मागे टाकलं, एक चूक नाही. हे आनंदानं आत गेले, चष्मा घेऊन बाहेर आले, आणि “या येसूबाई, आज तुमच्यावर एक प्रयोग करायचाय,” म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग तिसऱ्यांदा. पाटीवर माश्या घोंगावायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, “सर, तीन डाव झाला. पेट्या त्याच, मी पन तीच. आता बोंबील तरी घ्या!” उठताना मला हळूच म्हणाली, “बाय, मास्तरांना काय झालाय? बरा नाय वाटत?” ह्यांनी वहीत नोंद केली: तिसऱ्या फेरीत बाई चिडचिड करतात.

मागच्या मंगळवारी पालघरला कॉलेजच्या ग्रंथालयात जातो म्हणून निघाले आणि उलट्या गाडीत बसून वाणगावला उतरले. शेजारचा झुंबर (नगरकडचा, कुंभवलीच्या एका कारखान्यात असतो) दिवेलागणीला घेऊन आला. “काकू, सर फलाटावर बाकड्यावर बसून हजेरी घेत व्हते. मी पुढं गेलो तर म्हणले, येवढा उशीर? अन् मलाच गैरहजर लावलं!” मी त्याची माफी मागितली. ह्यांचं म्हणणं, विचारात गढल्यावर दिशेचं भान किती राहतं, ते तपासत होतो.

रोज चहानंतर आमची परीक्षा असते. अर्थ नसलेले बारा शब्द, ‘लुझ’, ‘टिभ’ असले. (अर्थ असला की मन जुन्या ओळखीवर निभावून नेतं, म्हणून अर्थ नको.) मी वाचायचे, ह्यांनी म्हणून दाखवायचे, मी आकडा लिहायचा. डॉक्टरांचा विषय काढला की वही पुढे करतात. जूनमध्ये अकरा. सप्टेंबरात अकरा. काल अकरा. म्हणतात, “बघ, अक्षर तुझंच आहे.” मी वही मिटते.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मंदा

ता. क. वन्सं, जूनमध्ये सात आले होते. ह्यांनी चष्म्यावरून बघत “किती?” विचारलं, आणि मी अकरा लिहिलं. काल तीन आले. त्या विद्वानांना सांगायला हवं होतं, की मोजायला बसलेल्या बाईला रोजचा चहा समोरचाच माणूस गाळून देत असला, तर तिचं माप धरू नये. आता खरं सांगावं तर पाच महिने फसवलं असं होईल. न सांगावं तर हे डॉक्टरांकडे यायचे नाहीत, आणि पुढच्या वेळी फलाटावर झुंबर नसेल. तुम्ही शाळेत शिकवताना सख्ख्या भावाला अर्धा गुणसुद्धा वाढवून दिला नव्हता. गुडघे दुखले तरी या. वही हातात घ्या. तुमचा आकडा हे मानतील.

ता. क. २. मी पाकीट चिकटवायला घेतलं, तेवढ्यात ह्यांनी विचारलं, पत्र कुणाला? तुमचं नाव सांगितलं. फार आनंद झाला. म्हणाले, “ताईला कळव, मी अभ्यास करतोय.”